उणे दोन लिहूनही थांबलेला बोर्ड

आधीच सांगून टाकते. भूत, भानामती, करणी, अंगात येणं यातल्या कशावरही माझा विश्वास नाही. ‘नव्हता’ असं लिहिलेलं नाही, ‘नाही’ असं लिहिलंय... खाली जे सांगणार आहे ते सांगून झाल्यावरही तो शब्द मी बदलणार नाही.

माझं लहानपण पत्रकांत गेलं. बाबा चांदूर रेल्वेला शाळामास्तर. रात्रीची जेवणं झाली की आमच्या घरात पत्रकांच्या घड्या घालायचं काम सुरू व्हायचं. बुवाच्या अंगाऱ्याने मूल होत नाही, साप चावला तर मांत्रिकाकडे नाही दवाखान्यात न्या, असं काय काय त्यावर छापलेलं असे. मी जोडाक्षरं वाचायला शिकले ती त्याच कागदांवर. जत्रेत एका मांडवासमोर पत्रकं वाटताना बाबांना धक्काबुक्की झाली होती, तेव्हा मी त्यांच्या शेजारीच उभी होते आणि हातातला गठ्ठा सोडला नव्हता. मला त्याचा अजून अभिमान आहे.

म्हणून वाचकांच्या अनुभवांच्या या सदरात लिहायला हात धजत नव्हता. भीती हसं होईल याची नाही. भीती ही, की उद्या कोणीतरी हा लेख दाखवून म्हणेल — पाहा, त्यांच्या पोरीलाही अनुभव आला. तसं म्हणणाऱ्यांनी कृपा करून शेवटपर्यंत वाचावं.

अमरावतीहून नागपूरच्या रस्त्याला लागलं की नांदगाव पेठची एमआयडीसी येते. तिथल्या मोठ्या कापड युनिटांच्या मागच्या गल्लीत आमची छोटी कंपनी आहे. नाव देत नाही. कापसाच्या गाठी दाबणाऱ्या प्रेसचे कंट्रोल बोर्ड आम्ही बनवतो. जिनिंगमध्ये सरकी वेगळी झाली की रुई प्रेसच्या पेटीत पडते, वरून लोखंडी दट्ट्या येतो, रुई दाबून तिची गाठ होते, आणि बाजूला उभ्या असलेल्या बायका त्या गाठीला पट्ट्या बांधतात. दट्ट्या कधी खाली यायचा आणि कधी नाही, हे आमचा बोर्ड ठरवतो.

थोडं तांत्रिक सांगावं लागेल, पण सोपं करून सांगते. बोर्डाला वीज मिळाली की सगळ्यात आधी एक लहानसा प्रोग्राम जागा होतो. त्याला बूटलोडर म्हणतात. तो आधी सगळं बंद आहे ना हे पक्कं करतो, दट्ट्याच्या व्हॉल्व्हची तार बंद ठेवतो, आणि मग मुख्य प्रोग्रामला उठवतो. हा बूटलोडर कसा असावा, हे एका कॉन्फिग फाइलमध्ये लिहिलेलं असतं. शेकडो ओळी... हे हवं, ते नको. ती फाइल दिली की कॉम्प्युटर तयार बूटलोडर बनवून देतो. ती झाली इमेज. इमेज बोर्डात जाते, फाइल आपल्याकडे राहते. फाइल हरवली तर जुने बोर्ड चालतच राहतात, पण तसाच नवा बनवता येत नाही. शिजलेल्या भाजीवरून मसाल्याचं माप काढायला बसल्यासारखं होतं ते.

आमची फाइल हरवली.

ती होती प्रफुल्लदादाकडे. प्रफुल्लदादा अकोल्याचा, माझा सीनियर. मला हे काम त्यानेच शिकवलं. मी चुकले की खुर्ची मागे सरकवून म्हणायचा, “काय करून राह्यली माय? बोर्ड हाये तो, बकरी नाई, का कशीबी बांधली तं चालते.” गेल्या पावसाळ्याच्या शेवटी तो घरीच हार्ट अटॅकने गेला. तेरवीला आम्ही सगळे अकोल्याला गेलो होतो. त्याचा लॅपटॉप कंपनी चालवणाऱ्या आमच्या सरांनी वहिनींना द्यायचं ठरवलं, मुलाच्या अभ्यासाला होईल म्हणून. आणि देण्याआधी पूर्ण फॉरमॅट केला. “गेलेल्या माणसाचं कोणी उघडून पाहू नये,” असं सर म्हणाले. आम्हा सगळ्यांना ते पटलं. मलासुद्धा. आतमध्ये आमच्या कामाची एकमेव फाइल आहे हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही... सगळे इतके हळवे झालो होतो.

पुढे नव्या बोर्डांची ऑर्डर आली तेव्हा फाइल शोधली आणि पायाखालची जमीन सरकली. सर म्हणाले, अंदाजाने बनवा. अंदाजाने बनवलेला पहिला बोर्ड अकोल्याजवळच्या एका जिनिंगमधल्या दुसऱ्या नंबरच्या प्रेसवर बसला. दोन दिवस बरा चालला. मग वीज गेली, वीज आली, आणि कोणी बटण दाबलेलं नसताना दट्ट्या खाली आला. पट्ट्या बांधणाऱ्या बेबीताई तेव्हा नेमक्या पेटीतून बाहेर वळत होत्या. त्यांच्या डोक्याला बांधलेला रुमाल आत ओढला गेला. बेबीताई वाचल्या. रुमाल मात्र त्या गाठीत गेला आणि गाठीबरोबर पुढे कुठेतरी गेला.

ऑफिसमध्ये सर म्हणाले, “एक-दोन ओळी बदलून पाहा, होईल.”

“काय होईल, सर?” मी विचारलं. “पुढच्या वेळी रुमालाऐवजी काय जाईल?”

मी सांगितलं की यापुढे माझ्या हातून अंदाजाचा एकही बोर्ड बाहेर जाणार नाही. त्याच जिनिंगच्या पहिल्या नंबरच्या प्रेसवर दादाने स्वतः बसवलेला जुना बोर्ड अजून चालू होता. त्याच्या पोटातून इमेज काढायची, इमेजमधून फाइल काढायची, आणि मगच नवा बोर्ड. सरांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी मी लॅपटॉप, चिपला लावायची क्लिप आणि नवा बोर्ड घेऊन मूर्तिजापूरमार्गे एसटीने अकोल्याला गेले.

मार्च लागला होता. सीझन संपत आला तरी आवारात कापसाचे ढीग होते, आणि उन्हात ते इतके पांढरे दिसत होते की डोळे दिपावेत. प्रेसच्या शेडला लागून एक बंद खोली आहे, पॅनेल रूम. रुईचे तंतू उडून आत ठिणगी पडू नये म्हणून तिला पक्क्या भिंती आणि घट्ट दार असतं. आतून प्रेस दिसत नाही. हे लक्षात ठेवा.

सकाळी ऑपरेटर गजूभाऊंनी पहिला प्रेस थोडा वेळ बंद ठेवला. मी क्लिप लावून जुन्या बोर्डातली इमेज वाचून घेतली आणि पॅनेल रूममध्ये स्टुलावर लॅपटॉप ठेवून बसले. इमेज उघडली की समोर नुसते आकडे आणि अक्षरं दिसतात, ओळींमागून ओळी. पण दादाचा स्वभाव मला माहीत होता. बूटलोडरमध्ये एक सोय असते. ती चालू केली तर तो स्वतःची कॉन्फिग फाइल दाबून, अगदी कापसाच्या गाठीसारखी दाबून, पोटात ठेवतो. दाबलेली फाइल जिथे सुरू होते तिथे दोन ठरावीक आकड्यांची खूण असते. मी ती खूण शोधायला लावली... आणि सापडली. तिथून पुढचा तुकडा कापला, उघडला, आणि दादाची फाइल ओळीने समोर येत गेली.

खरं सांगते, मला रडू आलं. हे हवं, ते नको, ते हवं, हे नको — प्रत्येक ओळीत त्याने कधीतरी बसून घेतलेला निर्णय होता. आणि त्याच वेळी सरांचं वाक्यही आठवलं. गेलेल्या माणसाचं कोणी उघडून पाहू नये. मी झटकून टाकलं.

एकच ओळ कुलूपबंद होती. बूटलोडरला मध्येच थांबवता येतं. थांबला की पडद्यावर => अशी खूण येते, पुढे कर्सर लुकलुकतो, आणि मुख्य प्रोग्राम उठतच नाही. साधारणपणे कोणतंही बटण दाबून तो थांबतो. दादाने तसं ठेवलं नव्हतं. त्याने एक शब्द ठरवला होता, आणि फाइलमध्ये तो शब्द नव्हता. शब्दापासून गणिताने बनवलेली लांबलचक अक्षरमाळ होती. शब्द माहीत असेल तर ती माळ बनवता येते, पण माळेवरून शब्द काढता येत नाही. दादा गेला, शब्दही गेला. कामाला त्याची गरज नव्हती, म्हणून मी ती ओळ तशीच ठेवली.

मग त्या फाइलवरून नवी इमेज बनवली आणि जुन्या इमेजशी बाइट-बाय-बाइट ताडून पाहिली. बनवल्याची तारीख-वेळ सोडली तर दोन्ही अगदी सारख्या. शंभर नंबरी काम. नवा बोर्ड त्या इमेजने भरला, दुसऱ्या प्रेसच्या पॅनेलमध्ये बसवला. बोर्ड काय म्हणतोय ते पाहायला लॅपटॉपला तार जोडली, पण फक्त ऐकण्याची. बोलण्याची तार मुद्दाम जोडली नाही, आपल्याकडून चुकून काही जाऊ नये म्हणून.

गजूभाऊंना फोन केला. पलीकडे पहिल्या प्रेसचा आवाज चालू होता, त्यामुळे ओरडून विचारावं लागलं.

“दोन नंबरच्या प्रेसपाशी कोणी आहे का?”

“कोणी नाई...” पुढचं काही ऐकू आलं नाही. फोन कट झाला.

मी स्विच लावला.

पडद्यावर बूटलोडरच्या ओळी आल्या. आणि मुख्य प्रोग्राम उठायच्या ऐवजी => आलं. कर्सर लुकलुकायला लागला.

कोणीतरी शब्द टाईप केल्यावर जसं होतं, तसंच.

मी स्विच बंद केला, पुन्हा लावला. पुन्हा तेच. घाबरले वगैरे नाही, नुसती चिडले. जी तार जोडलेली नसते ती हवेतली गडबड पकडते, आणि बोर्डाला वाटतं कोणीतरी बटण दाबलं. हे आमच्या धंद्यात नेहमीचं आहे. मी बोलण्याची तार अर्थिंगला जोडून टाकली. मग लक्षात आलं... गडबडीने एखादं बटण दाबल्यासारखं होईल. अख्खा शब्द कसा होईल? तोही ओळीने दोन वेळा?

सरांना फोन लावला.

“थांबतोय म्हणजे काय?” सर म्हणाले. “ते थांबवायचं ऑप्शनच काढून टाक. गिऱ्हाईक तिथं उभं आहे. उणे दोन टाक आणि मोकळी हो.”

उणे दोन म्हणजे काय, तेही सांगते. बूटलोडरने किती सेकंद वाट पाहायची याचा एक आकडा फाइलमध्ये असतो. तिथे उणे दोन लिहिलं की तो वाट पाहत नाही आणि कोणी थांबवतंय का हेही तपासत नाही. शब्द आला काय, नाही आला काय, त्याला कानच नसतात. सरळ पुढे जातो.

सरांचं म्हणणं बरोबर होतं. मी उणे दोन लिहिलं, इमेज बनवली, बोर्डात भरली. भरलेली परत वाचून ताडून पाहिली. उणे दोन होतं.

स्विच लावला.

=>

खोलीत बाकी काही आवाज नव्हता. दार घट्ट बंद, पंखा मीच बंद केलेला. खिडकीच्या काचेला बाहेरून रुई चिकटली होती आणि त्यातून भर दुपारचं ऊन आत येत होतं. कर्सर लुकलुकत होता. ज्याला कान नाहीत तो कोणाचं तरी ऐकून थांबला होता. माझ्या मानेपासून खाली एक गार रेघ सरकत गेली... हे मी आधी फक्त दुसऱ्यांच्या अनुभवांत वाचलं होतं आणि हसले होते. मागे कोणी उभं आहे असं मला वाटलं नाही. खरं तर त्याहून वाईट वाटलं. वाटलं की समोरचा पडदा माझ्याकडे पाहतोय आणि मी काहीतरी करावं म्हणून थांबलाय. मला काय करायचं ते कळत नव्हतं.

माझं बोट पुन्हा स्विचवर गेलं होतं. चौथ्यांदा लावायला. ते तिथून उचलायला मला जोर लावावा लागला.

मेन बंद केलं आणि मी बाहेर आले. बाहेर यायचं कारण कामाचं नव्हतं. मला त्या खोलीत बसवत नव्हतं, एवढंच.

शेडमध्ये वळले आणि समोर पाहिलं. दुसऱ्या नंबरच्या प्रेसच्या उघड्या पेटीत बेबीताई कमरेपर्यंत वाकल्या होत्या. दोन्ही हात आत. पट्टीचा तुटलेला तुकडा खाचेत अडकला होता, तो त्या खेचून काढत होत्या.

मी काय ओरडले ते मला आठवत नाही. त्या दचकून बाहेर आल्या, हातात तो तुकडा.

“काऊन वं बाई? काय झालं?”

“तुम्ही कधीपासून आहात इथे?”

“हे काय, बराच वेळ झाला. निंघूनच नाई राह्यला मेला तुकडा.”

गजूभाऊ धावत आले. मी त्यांच्यावर तुटून पडले — कोणी नाही म्हणालात ना तुम्ही? त्यांचा चेहरा अगदी निष्पाप होता.

“मंग? म्या तं बराबरच सांगतलं ना मॅडम. म्हटलं, कोणी नाई, आपली बेबीबाईच हाये.”

बेबीताईंनी कमरेवर हात ठेवले. “म्हंजे मी कोणीच नाई व्हय रे गजू?”

“तसं नाई वं...”

“मंग कसं?”

“कोणी म्हंजे बाहेरचं कोणी. तू तं रोजचीच हायेस.”

“रोजची हाये म्हून मोजाची नाई? पगार वाटाच्या दिवशी बी असाच इसरत जाजो, म्हंजे मालक खुश.”

बाकीच्या बायका हसल्या. गजूभाऊही ओशाळून हसले. मला हसू आलं नाही. मी खाली बसले. कोणी नाही, आपली बेबीबाईच आहे... आमच्याकडे हे सगळेच बोलतात. घरात कोण आहे विचारलं तर ‘कोणी नाई, आईच हाये’ असं मीही बोललेली आहे. बाई घरची असो की कामावरची, ती ‘कोणी’मध्ये धरली जात नाही. या एका वाक्यावर तीन वेळा स्विच लावला गेला होता. माझ्या हाताने.

तरी माझ्यातली इंजिनिअर म्हणत होती की काही बिघडलं नसतं. फाइल दादाची होती, इमेज बरोबर होती. बोर्ड पुढे गेला असता तरी दट्ट्या जागचा हलला नसता. ते पक्कं करायला मी मीटर घेऊन पॅनेल रूममध्ये गेले. गजूभाऊंना दारात उभं केलं, बेबीताईंना माझ्या शेजारी.

मीटरने जे दाखवलं ते मी दोनदा तपासलं. जुनी चिप मिळेना म्हणून नव्या बोर्डांत थोडा बदल केला होता, आणि त्यात दट्ट्याच्या व्हॉल्व्हची तार दुसऱ्या पिनवर गेली होती. आमच्या पर्चेस विभागाला ते माहीत होतं, माझ्यापर्यंत आलं नव्हतं. दादाची फाइल अचूक होती, पण जुन्या बोर्डासाठी. तिने जुना पिन घट्ट बंद ठेवला होता. जिथे आता व्हॉल्व्ह होता तो पिन मोकळाच होता. मुख्य प्रोग्राम उठला असता तर उठता उठता त्या पिनवर क्षणभर वीज गेली असती आणि दट्ट्या खाली आला असता.

तिन्ही वेळा. आणि तिन्ही वेळा तो उठलाच नाही.

मी फाइलमध्ये नवा पिन घातला. उणे दोन काढून दादाचं जसं होतं तसं परत केलं. इमेज बनवत होते तेव्हा बाहेर जेवणाची सुट्टी संपली आणि पहिला प्रेस सुरू व्हायची वेळ झाली. उघड्या दारातून मला शेड दिसत होती. गजूभाऊ बटणापाशी उभे राहिले आणि जोरात ओरडले —

“हात?”

प्रेसभोवतीच्या बायकांनी दोन्ही हात डोक्यावर उचलले. “वर हाये!”

मग बटण.

“हे काय आहे?” मी बेबीताईंना विचारलं.

“आमची सवय हाये ते. पफुल्लभाऊनं लावलेली. पह्यले हा गजू असाच इचारे, कोणी हाये का? आन् सोताच म्हने, कोणी नाई. पफुल्लभाऊनं एक डाव पाह्यलं, आन् लय भडकला. म्हने, माणसं मोजता येत नाई ना तुमाले, तं हात मोजा. समद्यायचे हात दिसल्याबिगर बटनाले हात लावू देये नाई.” त्यांनी पॅनेलकडे पाहिलं. “हे तुमचं बटन अंदर हाये ना, तं इथं कोनी इचारलंच नाई.”

मी लॅपटॉप पुढे ओढला. दादाची कुलूपबंद ओळ समोर ठेवली. इंग्रजी अक्षरांत haat लिहिलं आणि त्याची अक्षरमाळ बनवायला लावली.

पहिलं अक्षर जुळलं. पुढचं जुळलं. मी बोट ठेवून शेवटपर्यंत गेले. पूर्ण जुळली.

म्हणजे त्या दुपारी, बंद खोलीत, बोलण्याची तार जोडलेली नसताना, त्या बोर्डाला ‘हात?’ असं कोणीतरी विचारल्यासारखं झालं होतं. पहिल्या दोन वेळा तो ऐकून थांबला असेल म्हणा. तिसऱ्यांदा तर त्याला ऐकू येण्याची सोयच मी काढून टाकली होती.

“त्यानंच थांबवलं,” बेबीताई म्हणाल्या, अगदी साधेपणाने, चहा झाला म्हणावं तसं.

अशा वाक्यांवर माझ्याकडे लहानपणापासून तयार भाषण आहे. ते त्या दिवशी तोंडातून निघालं नाही.

नवी इमेज भरली, बोर्ड बसवला. मी शेडमध्ये येऊन उभी राहिले, स्वतः ओरडले, “हात?” सगळ्यांचे हात मोजले. बेबीताईंचेही. मग गजूभाऊंना खूण केली. बोर्ड कुठेही न थांबता सरळ पुढे गेला. दट्ट्या वरच राहिला. त्यानंतर तो बोर्ड आजवर एकदाही मध्ये थांबलेला नाही.

सरांनी दुसऱ्याच दिवशी सुचवलं की प्रेसपाशी नारळ फोडू, लोकांचं समाधान होईल. मी म्हणाले, नारळ नको, जाळीचं दार हवं, आणि दार उघडं असेल तर वीजच मिळणार नाही असा स्विच हवा. प्रत्येक प्रेसला. तोवर एकाही बोर्डावर मी सही करणार नाही. कुरकुर झाली, पण झालं. आता पेटीत वाकायचं तर दार उघडावं लागतं, आणि दार उघडलं की प्रेस मेलेला असतो. तिथे आत कोण आहे हे कोणाला विचारावं लागत नाही. कोणाला या घटनेवरून काही बोध घ्यायचाच असेल तर त्याने हा घ्यावा.

बाबांना सगळं सांगितलं ते चांदूरला, पडवीत बसून. त्यांनी परीक्षकासारखे प्रश्न विचारले. मेमरीतून वाचताना चूक झाली असेल? तर तशी ओळ पडद्यावर आली असती, आली नव्हती. वीज कमी-जास्त झाली असेल? तर बोर्ड पहिल्यापासून सुरू झाला असता. घाईत जुनीच इमेज भरली असशील? परत वाचून ताडली होती, ती प्रत माझ्याकडे आहे, उणे दोन आहे तिच्यात. बाबांनी चष्मा काढून पुसला.

“मग तसंच लिही,” ते म्हणाले. “माहीत नाही, असं लिही. त्या शब्दाला आपण कधी भ्यालो नाही.”

म्हणून लिहिते आहे. मला माहीत नाही. या धंद्यातल्या कोणाला कारण सापडलं तर जरूर कळवा. ते कारण मी पत्रक छापून वाटेन, तेही आनंदाने.

तोच बोर्ड मी नांदगाव पेठला परत मागवून घेतला, अकोल्याला दुसरा पाठवला. त्यावर तीच उणे दोनची इमेज मी अजून अधूनमधून चढवते. टेबलावर नुसता बोर्ड असतो, ना दट्ट्या, ना पेटी, कोणाला इजा व्हावी असं काहीही नाही. स्विच लावायच्या आधी मी एकटी असले तरी मोठ्याने विचारते, “हात?” आणि मग लावते. तो कधीच थांबत नाही. सरळ पुढे जातो, जसा जायला हवा तसा.

पण ओळी पडद्यावर येत असतात तेवढा वेळ मी नजर पडद्यावरून हलवत नाही. कारण तो पुन्हा थांबला, तर मला खुर्ची वळवून पाहावं लागेल... कोणाचे हात कुठे आहेत ते.